कुत्र्याचें ‘बरोबर’ चालणें

मराठी भाषेंत ‘बरोबर’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. त्याचा एक अर्थ ‘सोबत’ असा, तर दुसरा ‘अचूक’ असा. उदाहरणाचें उत्तर बरोबर येतें आणि मित्रहि बरोबर येतो. आज मला ज्या विषयावर बोलावयाचें आहे, त्यांत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. घरीं पाळलेल्या कुत्र्याला रस्त्यानें बरोबर चालावयास कसें शिकवावें, हा तो विषय. तो क्षुल्लक आहे असें वरवर पाहणारास वाटेल. ज्यांच्या घरीं कुत्रा आहे त्यांना तसें वाटणार नाहीं.

सकाळीं सहा-सातच्या सुमारास शहरांतील कोणत्याहि वस्तींतून फेरफटका मारावा, म्हणजे एक मिरवणूक हटकून दृष्टीस पडते. पुढें जीभ बाहेर काढून धापा टाकणारा कुत्रा, त्यामागें ताणलेली दोरी, आणि दोरीच्या शेवटीं अंग मागें झोंकून, पाय रोंवीत, कसेबसे खेंचले जाणारे गृहस्थ. कोण कोणास फिरावयास नेत आहे, हें दुरून सांगतां येऊं नये! लोक हंसतात. परंतु या हंसण्यासारख्या दृश्याचा शेवट पुष्कळदां हंसण्यासारखा होत नाहीं. ओढणारा कुत्रा प्रथम आजीबाईंच्या हातून जातो, मग मुलांच्या, मग गृहिणीच्या. शेवटीं घरांतील एकच धट्टाकट्टा माणूस त्याला बाहेर नेण्यास उरतो, आणि त्याला कचेरीची घाई असते. फिरणें दिवसाआड होतें, मग रविवारपुरतें उरतें, आणि मग बंद पडतें. कुत्र्याच्या वांट्याला गॅलरीचा कठडा आणि हातभर साखळी येते. बांधलेला कुत्रा भुंकतो, शेजारी तक्रार करतात. तो दारें कुरतडतो, पाहुण्यांच्या अंगावर जातो. आणि ‘कुत्रा बिघडला’ असा निकाल देऊन घरचे लोक मोकळे होतात. वास्तविक कुत्रा बिघडलेला नसतो. एक धडा शिकवावयाचा राहून गेलेला असतो.

ही गोष्ट केवळ भूतदयेची नाहीं, कायद्याचीहि आहे. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा आपला १९६० सालचा जो कायदा आहे, त्याच्या ११ व्या कलमांत क्रूरतेचे अनेक प्रकार सांगितले आहेत. मारहाण आणि उपासमार तर त्यांत आहेतच. परंतु नेहमीं साखळीनें बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला धन्यानें वाजवी व्यायाम न देणें, हाहि तेथें अपराध म्हणून नोंदलेला आहे. गॅलरींत कुत्रा बांधून ठेवणाऱ्या किती सज्जनांना याची कल्पना असेल?

शिवाय माणसाच्या हाडांचाहि प्रश्न आहे. अमेरिकेंत २००१ ते २०२० या काळांत दोरी धरून कुत्रा फिरवितांना दुखापत होऊन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागांत जावें लागलेल्या प्रौढ माणसांची संख्या ४ लाखांहून अधिक असावी, असा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिला आहे. बोटाचें हाड मोडणें, डोक्यास मार बसणें आणि खांदा दुखावणें हे त्यांतील नेहमींचे प्रकार. साठी उलटलेल्या आम्हां मंडळींनीं हें विशेष लक्षांत ठेवावें.

आतां बरोबर चालणें म्हणजे काय, हें प्रथम निश्चित करूं. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार ‘पायाशीं चालणें’. यांत कुत्र्याचा खांदा आपल्या पायाच्या रेषेंत असतो. आपण थांबलों कीं तो थांबतो, वळलों कीं वळतो. अमेरिकेंत १९३३ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील माउंट किस्को येथें हेलीन व्हाइटहाउस वॉकर या बाईंनीं कुत्र्यांच्या आज्ञाधारकपणाची तेथील पहिली परीक्षा भरविली, आणि १९३६ सालीं अमेरिकन केनेल क्लबनें अशा परीक्षांचे नियम स्वीकारले. दोरीसह आणि दोरीविना पायाशीं चालणें हा त्या परीक्षांतील एक महत्त्वाचा भाग असतो. दुसरा प्रकार ‘ढिल्या दोरीनें चालणें’. यांत कुत्रा थोडा पुढें-मागें गेला, झुडूप हुंगावयास थांबला, तरी चालतें; दोरी मात्र ताणली जातां कामा नये. रस्ता ओलांडतांना, जिन्यांत, गर्दींत पहिला प्रकार पाहिजे. इतर वेळीं दुसरा पुरतो. तासभर पायाला चिकटून चालावें, अशी अपेक्षा धरणें म्हणजे शाळेंतील मुलानें दिवसभर ‘सावधान’ स्थितींत उभें राहावें असें म्हणण्यासारखें आहे.

बाजू कोणती? परंपरेनें डावी. शिकारी उजव्या हातीं बंदूक धरीत, म्हणून कुत्रा डावीकडे ठेवीत, असें सांगतात. आपल्याला बंदूक धरावयाची नाहीं. परंतु आरंभीं एकच बाजू ठरवून ती कायम ठेवण्यांत शहाणपण आहे. पुढें ती पक्की झाल्यावर निराळ्या शब्दानें उजवी बाजूहि शिकवावी. आपल्याकडे पुष्कळ रस्त्यांना पदपथ नसतो. अशा रस्त्यावर समोरून येणारीं वाहनें दिसावींत म्हणून उजव्या कडेनें चालावयाचें, तर वाहनें आपल्या डाव्या हातावरून जातात. तेथें कुत्रा उजवीकडे, म्हणजे वाहनें आणि कुत्रा यांच्यामध्यें आपण, असें असणें सुरक्षित.

कुत्रा ओढतो कां, हा यापुढील प्रश्न. ‘तो आपल्यावर वरचष्मा गाजवूं पाहतो,’ असें उत्तर नेहमीं ऐकूं येतें. या समजुतीचें मूळ लांडग्यांविषयींच्या जुन्या निरीक्षणांत आहे. रूडोल्फ शेंकेल यांनीं बंदिवासांतील लांडग्यांच्या झगड्यांचें वर्णन १९४७ सालीं प्रसिद्ध केलें, आणि कळपांत सत्तेसाठीं अखंड झुंज चालते असा त्यांतून लोकांचा ग्रह झाला. पुढें डेव्हिड मेक या संशोधकानें १९९९ सालीं दाखवून दिलें कीं, रानांतील लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांचीं पिल्लें यांचें कुटुंब असतें. तेव्हां दोरी ओढणाऱ्या कुत्र्याच्या मनांत राज्यक्रांतीचा बेत चालला आहे, ही भीति सोडून द्यावी.

खरीं कारणें साधीं आहेत. कुत्र्याची स्वाभाविक दुडकी चाल आपल्या चालीहून जलद असते. आपल्या संथ गतीनें चालणें हीच त्याला पहिली शिस्त. दुसरें, त्याचें जग वासांचें आहे. आपण रस्ता पाहतों, तो रस्ता वाचतो. रात्रीं कोण येऊन गेलें याचें वर्तमानपत्र विजेच्या खांबापाशीं त्याची वाट पाहत असतें. तिसरें, आपण मागें खेंचलें कीं तो तोल सांवरण्यासाठीं पुढें जोर लावतो. दोन्ही बाजूंनीं ओढल्याखेरीज दोरी ताणलीच जात नाहीं. आणि चौथें कारण सर्वांत महत्त्वाचें: ओढल्यानें त्याचें काम होतें. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १८९८ सालीं मांजरांना खटक्याच्या पेट्यांत ठेवून प्रयोग केले. ज्या हालचालीनें दार उघडून खाणें मिळे, ती हालचाल मांजर उत्तरोत्तर लवकर करूं लागे. ज्या हालचाली व्यर्थ जात, त्या गळून पडत. कुत्र्यालाहि हाच न्याय लागूं आहे. त्यानें ओढलें आणि आपण एक पाऊल पुढें टाकलें, कीं त्याला बक्षीस मिळालें! अर्ध्या तासाच्या फिरण्यांत अशीं शेंकडों बक्षिसें आपण नकळत वांटतों, आणि घरीं येऊन ‘हा कांहीं शिकत नाहीं’ असें म्हणतों. तो शिकतच असतो. आपण जें शिकवितों तेंच तो शिकतो.

यांत आणखी एक मेख आहे. फर्स्टर आणि स्किनर या दोघां शास्त्रज्ञांनीं १९५७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत बक्षीस केव्हां आणि किती वेळां द्यावें, याचे परिणाम सविस्तर तपासले आहेत. दर वेळीं न मिळतां मधून मधून मिळणाऱ्या बक्षिसाची संवय फार चिवट असते, हें त्यांतून दिसून येतें. सोडतीचें तिकीट घेणारा माणूस दहा वेळां हरूनहि अकराव्यांदा तिकीट घेतो, तसेंच हें. सोमवारीं ओढूं दिलें नाहीं, मंगळवारीं घाई होती म्हणून दिलें, असें ज्या घरीं चालतें, तेथील कुत्रा सर्वांत चिवटपणें ओढतो.

आतां उपाय. जुना उपाय झटक्याचा. जर्मनीचे कर्नल कोनराड मोस्ट यांचें कुत्र्यांच्या शिक्षणावरील पुस्तक १९१० सालीं निघालें. त्यांत सक्तीला मोठें स्थान आहे, आणि पोलीस व लष्करी कुत्र्यांच्या शिक्षणावर त्याचा दीर्घकाळ प्रभाव राहिला. कुत्रा पुढें गेला कीं गळ्यांतील साखळीला हिसका द्यावयाचा, हें त्या पठडीचें सार. या रीतीनें कुत्रे शिकले नाहींत असें नाहीं. परंतु काय शिकले, हें पाहावयास पाहिजे. समजा, समोरून एक लहान मूल येत आहे; कुत्रा आनंदानें पुढें झाला; त्याच क्षणीं गळ्याला हिसका बसला. आपल्या मतें शिक्षा ओढण्याबद्दल झाली. कुत्र्याच्या मतें ती मुलाकडे पाहण्याबद्दल झाली. असें पांच-दहा वेळां घडलें कीं, मूल दिसतांच गुरगुरणारा कुत्रा तयार होतो.

अलीकडील संशोधनहि याच दिशेनें बोट दाखवितें. गळ्यांतील पट्ट्यावर ताण पडला असतां कुत्र्याच्या डोळ्यांतील दाब वाढतो, छातीवरील हार्नेसवर ताण पडला असतां तसा वाढत नाहीं, असें २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत आढळलें. पोर्तुगालमध्यें ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास करून २०२० सालीं निष्कर्ष काढला गेला कीं, दंडावर भर देणाऱ्या शिक्षणवर्गांतील कुत्र्यांत भय व ताण यांचीं लक्षणें अधिक दिसतात. आणि प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संस्थेनें २०२१ सालच्या आपल्या निवेदनांत बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीचीच शिफारस केली आहे.

महाभारताच्या आदिपर्वांतच एक कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञाजवळ सरमा नांवाच्या देवशुनीचें पिल्लूं आलें. त्यानें हविर्द्रव्याला तोंड लावलें नव्हतें, तिकडे पाहिलेंहि नव्हतें. तरी राजाच्या भावांनीं त्याला मारलें. सरमेनें येऊन विचारलें, ‘माझ्या मुलाचा अपराध काय?’ राजसभेला उत्तर देतां आलें नाहीं; आणि न कळत येणाऱ्या भयाचा शाप राजाच्या पदरीं पडला. कुत्र्याला हिसका देण्यापूर्वीं सरमेचा हा प्रश्न प्रत्येकानें मनाशीं विचारावा. उत्तर बहुधा हेंच येईल कीं, अपराध न शिकविणाऱ्याचा आहे. आमच्या शाळांतूनहि छडीचें राज्य पुष्कळ वर्षें चाललें; २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें मुलांना शारीरिक शिक्षा करणें निषिद्ध ठरविलें. छडी गेल्यानें विद्या गेली नाहीं. मात्र शिकविणाऱ्याला अधिक विचार करणें भाग पडलें. कुत्र्याच्या बाबतींतहि तोच विचार आतां करूं.

साहित्य थोडेंच लागतें. साधा, रुंद, नीट बसणारा पट्टा किंवा छातीवरून जाणारा हार्नेस, आणि सुमारें सहा फूट लांबीची सुती किंवा नायलॉनची दोरी. पट्ट्याखालीं आपलीं दोन बोटें सहज जावींत. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी या कामीं घेऊं नये. ती सदैव थोडी ताणलेलीच असते, आणि ताण म्हणजेच चालणें असा धडा कुत्र्याला देते. मुधोळसारख्या, डोळ्यांनीं शिकार हेरणाऱ्या जातींच्या कुत्र्यांचें डोकें मानेच्या मानानें निमुळतें असल्यामुळें साधा पट्टा निसटण्याचा संभव असतो; त्यांच्यासाठीं हार्नेसच बरा. दोरी मनगटाला किंवा बोटांना गुंडाळूं नये. मघां सांगितलेल्या दुखापतींचें एक कारण त्यांतच आहे. खाऊ म्हणून उकडलेल्या कोंबडीचे, अंड्याचे किंवा पनीराचे तुरीच्या दाण्याएवढे तुकडे घ्यावे आणि तेवढें रोजच्या अन्नांतून कमी करावें. द्राक्षें, मनुका, चॉकलेट आणि कांदा हे पदार्थ कुत्र्याला विषासमान आहेत. प्रसादांतील बेदाणाहि त्याला देऊं नये.

पहिला धडा शब्दाचा. घरांत, शांत वेळीं, ‘शाबास’ म्हणावें आणि लगेच खाऊ द्यावा. असें दहा-पंधरा वेळां केलें कीं, ‘शाबास’ म्हणतांच कुत्रा आपल्या हाताकडे पाहूं लागतो. त्याच्या दृष्टीनें हा शब्द म्हणजे हुंडी झाली. ती वटणारच, अशी त्याची खात्री पटली. पुढें योग्य क्षणीं हा शब्द उच्चारून, नेमकें काय आवडलें हें आपल्याला त्याला कळवितां येतें. क्षण चुकतां कामा नये. कुत्रा शेजारीं असतांना म्हटलेलें ‘शाबास’ शेजारीं राहण्याचें बक्षीस होतें. तो पुढें गेल्यावर म्हटलेलें ‘शाबास’ पुढें जाण्याचें होतें.

दुसरा धडा जागेचा. दोरी न लावतां घरांतल्या घरांत चार पावलें टाकावीं. कुत्रा कुतूहलानें आपल्या डाव्या बाजूस येतांच ‘शाबास’ म्हणून डाव्या मांडीच्या शिवणीपाशीं खाऊ द्यावा. खाऊ समोर धरून त्याला पुढें ओढूं नये. जेथें त्यानें असावें अशी आपली इच्छा आहे, तेथेंच द्यावा. जेथें अन्न मिळतें ती जागा प्राण्याला प्रिय होते. या सबंध शिक्षणाचें रहस्य एवढेंच: आपल्या पायाजवळची जागा ही सर्व रस्त्यांतील सर्वांत लाभाची जागा आहे, असें कुत्र्याला वाटावयास लावणें.

तिसरा धडा पावलांचा. एका पावलास एक खाऊ. मग दोन पावलांस, तीन पावलांस, पांच पावलांस. दहा पावलें नीट पडूं लागलीं कीं दोरी लावावी आणि ती हंसरी ठेवावी, म्हणजे तिचा मधला भाग खालीं लोंबून ओठांसारखा वाकलेला दिसावा. एक धडा तीन ते पांच मिनिटांचा, दिवसांतून तीन-चार वेळां. अर्धा तास ताणलेल्या धड्यापेक्षां पांच मिनिटांचे चार धडे फार बरे, हें कोणत्याहि प्राथमिक शिक्षकाला विचारावें. कुत्र्याला आणखी हवेसें वाटत असतांनाच धडा संपवावा.

चौथा धडा थांबण्याचा, आणि हा कुत्र्याहून धन्यालाच अधिक कठीण जातो. दोरी ताणली जातांच आपण झाडासारखें उभें राहावें. बोलूं नये, हिसका देऊं नये, मागेंहि खेंचूं नये. कुत्रा पुढें जोर लावील, चक्रावेल, आणि शेवटीं ‘हें काय झालें?’ म्हणून मागें वळून पाहील. त्या वळण्यानें दोरी ढिली पडली कीं तत्क्षणीं ‘शाबास’, पायाशीं खाऊ, आणि पुढें चालूं लागावें. पुढें जाणें हें खुद्द एक बक्षीसच आहे. पहिल्या दिवशीं शंभर पावलांना पंधरा मिनिटें लागतील. त्यानें खचूं नये. मात्र दर दोन पावलांना थांबावें लागत असेल, तर जागा फार कठीण निवडली असें समजून एक इयत्ता खालीं यावें. पाढे न येणाऱ्या मुलापुढें त्रैराशिक मांडण्यांत अर्थ नाहीं.

पांचवा धडा वळण्याचा. कुत्रा पुढें सरकण्याच्या बेतांत दिसतांच, दोरी ताणली जाण्यापूर्वींच, गोड आवाजांत हांक मारून आपण उलट दिशेस वळावें. तो धांवत येऊन बाजूस लागला कीं बक्षीस. यामुळें धन्याकडे लक्ष ठेवण्याची त्याला संवय लागते. पायाशीं चालणें हा पायांचा धडा दिसतो. वास्तविक तो लक्षाचा धडा आहे.

यानंतर शाळा बदलावयाची. घरांतून जिन्यांत, जिन्यांतून आवारांत, आवारांतून पहांटेच्या शांत गल्लींत, आणि शेवटीं गजबजलेल्या रस्त्यावर. प्रत्येक ठिकाणीं धडा जवळ जवळ पहिल्यापासून घ्यावा लागतो, कारण घरीं जें शिकलें तेंच बाजारांतहि करावयाचें असतें, हें कुत्र्याला आपोआप समजत नाहीं. जागा नवी असेल तेव्हां खाऊ सढळ द्यावा. संवय मुरली कीं तो विरळ करीत न्यावा, आणि केव्हां मिळेल याचा त्याला अंदाज येऊं देऊं नये. ज्या चिवटपणानें ओढण्याची संवय घट्ट झाली होती, तोच चिवटपणा आतां आपल्या उपयोगी पडतो.

धडे चालूं असलेल्या दिवसांतहि कुत्र्याला बाहेर तर न्यावेंच लागतें, आणि दर वेळीं शिकवावयास सवड नसते. यावर एक सोपी युक्ति आहे. धड्याच्या वेळीं दोरी पट्ट्याला अडकवावी, इतर वेळीं हार्नेसला. शाळेचा गणवेश अंगावर असतांना मूल जसें निराळें वागतें, तसा हा फरक कुत्रा लवकरच ओळखतो. आणि घाईच्या दिवशींची ढिलाई धड्यांत मिसळत नाहीं.

आतां घरच्या मंडळींविषयीं. मराठी घरांत एक चमत्कार नेहमीं दिसतो. नवरा-बायको एकमेकांशीं मराठींत बोलतात, मुलांशीं मराठींत बोलतात, आणि कुत्र्याशीं मात्र इंग्रजींत! कुत्र्याला व्याकरण नाहीं. ‘पायाशीं’ म्हटलें काय आणि ‘हील’ म्हटलें काय, त्याला दोन्ही सारखेंच. त्याला पाहिजे असतो तो एका कृतीला एकच ध्वनि. आजोबा ‘चल रे’ म्हणतात, सून ‘हील’ म्हणते, नातू ‘इकडे ये’ म्हणून ओरडतो, आणि अर्थ सर्वांचा एकच असतो; असें असल्यावर कुत्र्यानें काय करावें? म्हणून घरांतील सर्वांनीं एकत्र बसून शब्द ठरवावे आणि कागदावर लिहून दाराजवळ लावावे: चालण्याचा एक, थांबण्याचा एक, आणि मोकळीक देण्याचा एक. नियमहि एकच असावा: ताणलेल्या दोरीनें कोणीहि पुढें जावयाचें नाहीं. घरांत एकटा नोकर किंवा एकटा नातू जरी हा नियम मोडीत असेल, तरी सर्वांचें शिकविणें पाण्यांत जातें.

मोकळीक देण्याचा शब्द मीं मुद्दाम सांगितला. शंभर पावलें नीट चालल्यावर ‘हिंड’ म्हणून त्याला झाडाजवळ नेऊन मनसोक्त हुंगूं द्यावें. हुंगणें हा वेळेचा अपव्यय नसून कुत्र्याच्या बुद्धीचें तें अन्न आहे. जें त्याला पाहिजे तेंच बक्षीस म्हणून देण्यांत शिक्षकाचें कौशल्य आहे. मग खिशांतील खाऊहि कमी लागतो.

आपल्या रस्त्यांच्या कांहीं अडचणी परदेशी पुस्तकांत सांपडत नाहींत. पहिली, गल्लींतील मोकळे कुत्रे. ते आपली हद्द राखीत असतात. त्यांना पाहून आपण दोरी आंवळली, तर आपल्या कुत्र्याला संकटाचीच सूचना मिळते. त्याऐवजीं दुरूनच वळसा घ्यावा, आपण दोघांच्या मध्यें राहावें, आणि पायाशीं एकामागून एक खाऊ देत शांतपणें निघून जावें. पळूं नये, कारण पळणाऱ्याच्या मागें कुत्रा लागतोच. पिसाळीची लस आपल्या कुत्र्याला वेळेवर टोंचून घ्यावी, हें निराळें सांगावयास नको. दुसरी अडचण उन्हाची. वैशाखांतील डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू पांच-सात सेकंद ठेवून पाहावी. आपल्याला सहन होत नसेल, तर अनवाणी चालणाऱ्या कुत्र्यालाहि होत नाहीं. असा कुत्रा सावलीकडे ओढूं लागला, तर तो अवज्ञा करीत नसून बुद्धि चालवीत आहे. तिसरी, पावसाळ्यांतील तुंबलेलें पाणी. लेप्टोस्पायरोसिसचे जंतु अशा पाण्यांत असूं शकतात आणि तो रोग माणसालाहि होतो. म्हणून डबकीं टाळावीं आणि घरीं आल्यावर पाय धुऊन कोरडे करावे.

किती दिवस लागतात, असा प्रश्न नेहमीं येतो. पिल्लूं असेल तर कांहीं आठवड्यांत चांगला पाया बसतो. वर्षानुवर्षें ओढण्याची संवय झालेला मोठा कुत्रा असेल तर कांहीं महिनेहि लागतात. परंतु वय झालें म्हणून कुत्रा शिकत नाहीं, हें खरें नाहीं. शिकविणाऱ्याचा धीर त्याच्या वयाहून मोठा असला म्हणजे झालें.

या शिक्षणाचा कळस पाहावयाचा असेल, तर आंधळ्यांना वाट दाखविणाऱ्या कुत्र्यांकडे पाहावें. पहिल्या महायुद्धांत दृष्टि गमावलेल्या सैनिकांसाठीं जर्मनींत ओल्डेनबुर्ग येथें १९१६ सालीं अशी शाळा निघाली. पुढें मॉरिस फ्रँक हा अमेरिकन अंध तरुण स्वित्झर्लंडमध्यें डोरोथी युस्टिस या बाईंकडे गेला, आणि १९२८ सालीं बडी नांवाची कुत्री घेऊन परतला. न्यूयॉर्कमधील वाहनांनीं भरलेला रस्ता त्यानें तिच्या भरंवशावर, वार्ताहरांच्या देखत, ओलांडला. दुसऱ्याच वर्षीं या दोघांनीं अमेरिकेंत ‘द सीइंग आय’ ही शाळा स्थापिली. अशा कुत्र्याला पुढें चालावयास सांगितलें आणि समोरून वाहन येत असलें, तर तो आज्ञा मोडून उभा राहतो. आणि तसें शिकविलेलेंच असतें. बरोबर चालणें म्हणजे गुलामगिरी नव्हे, हें यावरून ध्यानांत येईल. बरोबर चालणारे दोघेहि एकमेकांकडे लक्ष ठेवीत असतात.

मघां मीं आदिपर्वांतील मार खाल्लेल्या पिल्लाची गोष्ट सांगितली. त्याच महाभारताच्या शेवटाकडे, महाप्रस्थानाच्या वाटेवर, आणखी एक कुत्रा आहे. पांडव हस्तिनापुराहून निघाले तेव्हांपासून तो त्यांच्यामागें चालत राहिला. द्रौपदी पडली, एकेक करून भाऊ पडले. धर्मराज आणि तो कुत्रा एवढेच उरले. इंद्र रथ घेऊन आला, तेव्हां ‘या कुत्र्याला टाकून मला स्वर्ग नको,’ असें धर्मराजानें त्याला सांगितलें. त्या कुत्र्याच्या गळ्यांत दोरी असल्याचा उल्लेख व्यासांनीं केलेला नाहीं. धर्मराजाची योग्यता आपल्याला कोठून येणार! आपल्या हातीं दोरी राहणारच, आणि वाहनांच्या रस्त्यावर ती राहिलीच पाहिजे. परंतु ती ढिली ठेवणें आपल्या स्वाधीन आहे. उद्यां सकाळीं बाहेर पडण्यापूर्वीं घरांतच पांच मिनिटें द्या. खिशांत थोडा खाऊ घ्या. आणि दोरी ताणली कीं झाडासारखे उभे राहा. गॅलरींतील साखळीपासून एका मुक्या प्राण्याला सोडविण्यास एवढी सुरुवात पुरे आहे.